घेवड्याच्या काठ्या

आबांनी बुटाचा उरलेला तुकडा थेट आमटीच्या पातेल्याशेजारी आणून ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. पांढरा कॅनव्हासचा बूट. टाच तेवढी शाबूत होती, बाकी सगळ्याच्या चिंध्या झाल्या होत्या. नाडी कुठे गेली ते टेबलाखाली तोंड चाटत बसलेल्या भिंगरीलाच ठाऊक.

"या घरात एक तर हे कुत्रं राहील," आबा म्हणाले, "नाहीतर मी."

आमचे हे लगेच खाली मान घालून भात कालवायला लागले. घरात वाद निघाला की ह्यांना फार भूक लागते. म्हणजे जे काय बोलायचं ते मलाच बोलायचं होतं, आणि आबांशी बोलायचं म्हटलं की वयाची पंचेचाळिशी ओलांडली तरी माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

आबा म्हणजे माझे वडील. मिरजेच्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म खो-खो शिकवला. मुळीक सर म्हटलं की अजूनही तिकडची चार पोरांची बापमाणसं पाठ ताठ करतात. ते कुणावर हात उगारत नसत, त्याची गरजच पडत नसे. नुसतं बघायचे. आदल्या वर्षी आई गेली, पाठोपाठ आबा न्हाणीत घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि एकटं ठेवायचं कसं म्हणून मी त्यांना तळेगावला आमच्याकडे आणलं. येताना त्यांनी एक ट्रंक आणली, एक शिट्टी आणली आणि हे बूट. ते घालून आता कुठे पळायचं होतं? पण दर रविवारी ते त्यांना खडू फासून पांढरे करायचे आणि उन्हात ठेवायचे. त्यातलाच एक भिंगरीनं खाल्ला. आबांचा राग मला कळत होता, हीच तर माझी पंचाईत होती.

आणि भिंगरी म्हणजे माझा जीव. मी नगरपरिषदेत पाणीपट्टीच्या खिडकीवर. तिथल्या पार्किंगमध्ये पावसात भिजलेलं हे पिल्लू माझ्या चपलेवर येऊन झोपलं आणि तिथून उठलंच नाही. साधं गावठी कुत्रं, तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. आनंद झाला की स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून भिंगरी. आनंद तिला कशाचाही व्हायचा. दूधवाला आला तरी व्हायचा.

ह्यांच्या चुलतभावाची वडगावला पोल्ट्री होती. त्याला राखणीला कुत्रं हवंच होतं. तिथली कुत्री मी पाहिली होती. दिवसभर खुंटीला, आणि फिरायला जागा दोरीएवढी. भिंगरीला खुंटीला बांधलेलं डोळ्यांपुढे आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मी तिला शिस्त लावते. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात एक बाई कुत्र्यांना अडथळ्यांची शर्यत शिकवतात, तिथं घालते. जानेवारीत त्यांची स्पर्धा असते, त्यात उतरवते.

शर्यत म्हटल्यावर आबांची मान जरा वर आली. अडथळे कसले, किती, पंच असतो का, असं त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या मैदानावर आलेल्या पोराला मी एक हंगाम द्यायचो. हिलाही एक हंगाम. स्पर्धेत सगळे अडथळे नीट पार केले आणि मैदान सोडून बाहेर गेली नाही, तर राहील. बाद झाली तर वडगाव."

"बरं," मी म्हटलं.

"आणि ते आमटीचं पातेलं इकडं सरकव," आबा म्हणाले.

पुढच्याच रविवारी मी भिंगरीला घेऊन मैदानात गेले. शिकवणाऱ्या बाईंचं नाव ग्लोरिया डाबरे, मूळच्या वसईच्या, साठीकडे झुकलेल्या, अंगानं चांगल्या भरदार. मी पोचले तेव्हा त्या गवतावर उताण्या पडल्या होत्या आणि एक काळं कुत्रं त्यांच्या हातातली फडक्याची गाठ ओढत होतं. बाई बारीक आवाजात किंचाळत होत्या, "घेतलं गं बाई, घेतलं, हरले मी." ऑफिसातलं कुणी बघत नाही ना, म्हणून मी आधी मागं वळून पाहिलं.

मैदानात उड्या मारायच्या आडव्या दांड्या होत्या, कापडाचा एक लांब बोगदा होता, चढून उतरायची उतरती फळी होती आणि शेवटी एका ओळीत रोवलेल्या काठ्या. त्या काठ्यांमधून कुत्र्यानं नागमोडी जायचं. एका काठीच्या डावीकडून, पुढचीच्या उजवीकडून, एकही न गाळता. मी ते पाहिलं आणि मला हसूच आलं. खो-खोत बसलेल्या गड्यांमधून आम्ही अशाच पळायचो. त्याला साखळी म्हणतात, आणि साखळीत जिल्ह्यात माझा हात धरणारी कुणी नव्हती. म्हटलं, हे तर घरचंच काम.

कसलं घरचं आणि कसलं काय.

डाबरेबाईंचं म्हणणं असं की कुत्र्याला दांडीशी आणि काठीशी काही देणंघेणं नसतं, त्याला तुमच्याशी असतं. त्यानं उडी मारली रे मारली की त्याच क्षणी तुमच्याकडून काहीतरी मजेचं घडलं पाहिजे. खाऊ, ओढाओढी, पळापळ, काहीही. उशीर झाला तर ती उडी फुकट गेली. खेळणं आधी दाखवून लालूच लावायची नाही, काम झाल्यावर द्यायचं. आणि खेळ रंगात आला की थांबवायचा, म्हणजे कुत्रं उद्या स्वतःहून या म्हणून मागं लागतं. सगळ्यात मोठं म्हणजे तुम्हाला खरोखर आनंद झाला पाहिजे, कारण खोटा आनंद कुत्र्याला पटकन समजतो.

मी सगळं समजून घेतलं. भिंगरीनं दांडीवरून उडी मारली, मी खिशातून चिकनचा तुकडा काढला, तिला दिला आणि म्हटलं, "छान."

डाबरेबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "नलिनीताई, ही शाबासकी होती की पाणीपट्टीची नोटीस?"

मी पुन्हा केलं. "छान. खूप छान." भिंगरीनं तुकडा खाल्ला, जांभई दिली आणि कान खाजवत बसली. तिचंही बरोबर होतं. आमच्या घरात शाबासकी देण्याची पद्धतच नव्हती. शाबासकी दिली की पोर बसतं, हे आबांचं ठाम मत. मी त्यांच्या हाताखाली शाळेची सगळी वर्षं पळाले, ढाली आणल्या, पण मैदानावर त्यांच्या तोंडून शाब्बास हा शब्द ना मी ऐकला ना दुसऱ्या कुणी. फार तर "हं" म्हणायचे. तो "हं" मिळाला की आम्ही पोरी आठवडाभर त्याच्यावर काढायचो.

डाबरेबाईंनी एकदा मला विचारलंच, लहानपणी तुमचं कौतुक कधी कुणी केलंच नाही का? मी म्हटलं, तसं नाही, आईनं केलं. आई कधी मैदानाकडे फिरकली नाही. तिला चूल, तुळस आणि दारातली गाय पुरत होती. पण संध्याकाळी मी घरी आले की ती तेलाची वाटी घेऊन बसायची आणि माझ्या पोटऱ्या चोळता चोळता म्हणायची, आज खांबाजवळ हूल छान दिलीस गं. किंवा म्हणायची, आज तुझी साखळी कशी लयीत पडली. आणि मग सगळं अंग हलकं व्हायचं.

एकदा तर आम्ही विभागाची फायनल माझ्यामुळं हरलो. मी खांबाचा आसरा सोडून मोकळ्यात पळाले आणि तिथंच धरले गेले. परतीच्या एसटीत आबा शब्द बोलले नाहीत. घरी येऊन मी पालथी पडून रडले. आईनं रडू दिलं आणि मग पाय चोळत म्हणाली, "खांब सोडून पळालीस ते धाडस होतं. चुकलं खरं, पण भित्र्याचं चुकणं नव्हतं." त्या एका वाक्यावर मी पुढं नोकरीच्या मुलाखती दिल्या, बाळंतपण काढलं, ह्यांच्या आईशी दोन हात केले. डाबरेबाई हे ऐकून म्हणाल्या, मग तसंच बोला ना हिच्याशी. पण आईसारखं बोलायला आईचं तोंड हवं, माझं तोंड आबांवर गेलेलं.

तरी मी हटले नाही. न्हाणीघरात नळ मोठा सोडून बारीक आवाजाचा सराव केला. "शाब्बास गं, अगं माझी राणी ती." ह्यांनी दार वाजवून विचारलं, पाणी फार कढत आलं का? भिंगरीपुढं तसं म्हटलं तर तिनं उभा कान पाडला, पडलेला उभा केला आणि ती टेबलाखाली गेली. दांड्या, बोगदा, फळी असं सगळं ती करायची, पण रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखं. आणि काठ्यांपाशी आली की पहिल्या दोन पार करून खालीच बसायची. डिसेंबर उजाडला तरी तिचं तेच. वडगावचा चुलतभाऊ फोन करून विचारून गेला की कधी आणताय.

आबा मात्र रोज संध्याकाळी न चुकता विचारायचे, "काय म्हणते तुमची सर्कस?" मी सांगायचे. काठ्यांत अंतर किती, पहिल्या काठीला कुठून शिरायचं, ही कितव्या काठीला बसते, बसताना तोंड कुठं असतं, असलं ते खोदून खोदून विचारायचे. मला वाटायचं, उणी काढायला माहिती जमवतायत.

त्याच सुमाराला त्यांना बागकामाचं वेड लागलं. मी ऑफिसातून आले तर परसात एका ओळीत बांबूच्या काठ्या रोवलेल्या. विचारलं तर म्हणाले, घेवडा लावतोय. मला आनंदच झाला. डॉक्टर घसा फोडून सांगत होते चाला, फिरा, आणि हे आपले खिडकीशी बसून. आता बसायचे तरी परसात. काठ्या मोठ्या सुंदर रोवल्या होत्या, दोरी धरून, एकीचा दुसरीला धक्का नाही. घेवडा काही उगवला नाही. मी म्हटलं, बियाणं जुनं असेल. आबा म्हणाले, असेल.

आणखी एक म्हणजे चपलांच्या फळीवरचा उरलेला बूट नाहीसा झाला. जोडीदार गेल्यावर दुःखानं ट्रंकेत ठेवला असेल, असं समजून मी तो विषय काढला नाही. भिंगरी संध्याकाळी गाढ झोपून असायची, फिरायला न्यायचं म्हटलं तरी एक डोळा उघडून बघायची. मला वाटलं, पोर मनाला लावून घेतंय.

आणि मग डिसेंबरच्या अखेरच्या एका रविवारी भिंगरीनं मैदानात काठ्यांपाशी येऊन डावा खांदा आत घातला आणि सुळकन निघाली. इकडून तिकडं, तिकडून इकडं, शेवटची काठी ओलांडून बाहेर आली आणि जागच्या जागी गरगर फिरली. एकही काठी गाळली नव्हती. मी तोंड वासून उभी. डाबरेबाईंनी आधी तिचा मुका घेतला, मग माझा. आता मला सांगा, कुणाला वाटणार नाही की हे आपल्या बारीक आवाजाचं फळ आहे? मला तर वाटलंच. रात्री जेवताना मी साग्रसंगीत सगळं सांगितलं, न्हाणीघरासकट. आबा भाकरी मोडत होते.

"डावीकडून शिरली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हं," आबा म्हणाले, आणि त्यांनी ठेचा मागितला.

जानेवारीतली स्पर्धेची सकाळ उजाडली. आबा निकाल द्यायचा म्हणून इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी, हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी अशा थाटात आले. मैदानाभोवती दोरी बांधली होती. काठ्यांच्या रांगेच्या टोकाला, दोरीच्या अगदी बाहेर, त्यांच्यासाठी खुर्ची मिळाली. पाहुणे म्हणून गावातले पोलीस निरीक्षक बाबर आले होते. सहा फुटी माणूस, झुपकेदार मिशा. त्यांची नजर आबांवर गेली आणि हातातला चहाचा कप त्यांनी पटकन मागच्या हवालदाराकडे दिला. आबांचे मिरजेचे विद्यार्थी निघाले. येऊन पाया पडले, आणि आबांनी "बस" म्हणेपर्यंत उभेच राहिले. नंतर मला कानात म्हणाले, एकदा मी साखळीत हसलो म्हणून सरांनी मला ग्राउंडला फेऱ्या मारायला लावल्या होत्या, त्यानंतर दहावीपर्यंत मी हसलोच नाही.

आमची पाळी आली. आत खाऊ नाही, खेळणं नाही, हा तिथला नियम. नुसता आवाज आणि आपण. भिंगरीचा पट्टा सोडला आणि आम्ही निघालो. पहिली दांडी, दुसरी, तिसरी. बोगद्यात शिरली आणि दुसऱ्या टोकातून बाहेर आली. मी तिच्या बाजूनं पळत होते, गुडघे कुरकुरत होते, पण इतक्या वर्षांनी पायाखाली माती अशी सरकत होती की मला मी कोण तेच आठवेना. फळी चढली, उतरली. आता फक्त काठ्या. डावा खांदा आत. एक, दोन, तीन. लोकांनी टाळ्या सुरू केल्या. अर्ध्या काठ्या झाल्या आणि भिंगरीनं मान वर केली.

समोर आबा बसले होते.

ती तीरासारखी सरळ निघाली. उरलेल्या काठ्या बाजूला, दोरीखालून बाहेर, आणि आबांच्या मांडीवर पुढचे दोन पाय. नाक कापडी पिशवीत खुपसलं आणि पिशवीतून ओढून काढला तो दुसरा बूट.

पंचांनी शिट्टी वाजवली. बाद.

मला वडगावची खुंटी दिसली. मी काठ्यांपाशी उभी राहिले, पुढं जावं की मागं तेही सुचेना. तेवढ्यात एक आवाज ऐकू आला. बारीक, चिरका, वरच्या पट्टीतला. क्षणभर मला वाटलं डाबरेबाई. पण बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या, तोंड मिटून.

"अगं माझी बाय ती! आली गं, आली माझी चिमणी! काय पळतीस गं, वाऱ्याची लेक तू. शाब्बास, शाब्बास गं माझी सोनी!"

आबा उठून उभे राहिले होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बुटाचं एक टोक, दुसरं टोक भिंगरीच्या तोंडात, आणि दोघं ओढाओढी करत होते. टोपी खाली पडलेली. आबा खोटं खोटं हरत होते, बूट सोडत होते, परत धरत होते. त्यांचा चेहरा असा झालेला मी जन्मात पाहिला नव्हता. बाबरसाहेब अटेन्शनमध्ये उभे होते आणि त्यांच्या मिशा थरथरत होत्या.

मग आबांचं लोकांकडे लक्ष गेलं. सगळं मैदान त्यांच्याकडेच बघत होतं. त्यांनी बूट पिशवीत घातला, टोपी उचलून झटकली, डोक्यावर ठेवली आणि घसा साफ केला.

"बाबर," ते म्हणाले.

"सर."

"हसू आलं तर हसून घे."

बाबरसाहेब जे हसले ते त्यांना खाली बसावं लागलं. दहावीपर्यंतचं सगळं साठलेलं बाहेर आलं असावं. डाबरेबाईंनी पंचांना सांगून आमची पाळी पुरी करू द्यायला लावली, बाद ते बाद, पण जनावराचा हिरमोड नको म्हणून. आबांनी काठ्यांकडे बोट करून नेहमीच्या जाड आवाजात म्हटलं, "जा. पुरं कर." आणि भिंगरी दोरीखालून आत आली, काठ्यांच्या तोंडाशी गेली आणि पहिलीपासून शेवटपर्यंत एकही न गाळता, लयीत, साखळी घालत निघाली. कागदावर त्याला काही किंमत नव्हती, पण टाळ्या त्या दिवशी तिच्याइतक्या कुणाला पडल्या नाहीत.

घरी आल्यावर मी थेट परसात गेले. घेवड्याच्या काठ्यांपाशी वाकून पाहिलं तर त्यांच्यामधून नागमोडी वाट पडली होती, पायांनी तुडवून गुळगुळीत झालेली. इतके दिवस मी वरून काठ्या बघत होते, खाली बघितलंच नव्हतं. आबा येऊन मागच्या पायरीवर बसले. भिंगरी बूट घेऊन त्यांच्या पायाशी.

"रोज दुपारी?" मी विचारलं.

"तू ऑफिसला गेलीस की. पहिल्या दिवशी ती बूट मागायला आली. मी रागानं ओढला, तर हिला वाटलं खेळतोय." आबांनी बुटाचं टोक हलकेच ओढून पाहिलं. "मग मलाही तसंच वाटायला लागलं."

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. ऊन छान पडलं होतं. पण अट अट होती, आणि मी मुळीक सरांची मुलगी. म्हटलं, "आबा, बाद झाली ती. मैदान सोडून बाहेर गेली."

"कोण बाद झालं?"

"भिंगरी."

"चूक. गड्याला बाहेरून भूल पडली तर दोष गड्याचा नाही, बाहेरच्याचा. खेळणं पिशवीत घेऊन रांगेच्या टोकाला जाऊन बसलं कोण? मी. बाद मी झालो." त्यांनी काठी पायरीला टेकून ठेवली. "वडगावला जायचं तर मी जातो. पोल्ट्री राखीन. ही राहू दे इथं."

मला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदमच. मी म्हटलं, पण आबा, ते शाब्बास, ते माझी बाय, ते कुठनं आलं? तुमच्या तोंडून हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला.

आबा भिंगरीच्या पडलेल्या कानाशी खेळत राहिले.

"मैदानावर म्हणत नव्हतो. घरी सांगायचो," ते म्हणाले.

"कुणाला?"

"तुझ्या आईला. तू हातपाय धुवायला गेलीस की मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन सांगायचो, आज ही अशी पळाली, हे चांगलं केलं, ते चांगलं केलं. ती तुझ्यापर्यंत पोचवायची. आमचं तसं ठरलेलंच होतं." त्यांनी भिंगरीकडे बघितलं. "आता ती नाही. कुत्र्याला निरोप कुणाबरोबर धाडू? मग मलाच बोलावं लागलं. आधी जमत नव्हतं. तुझ्यासारखंच व्हायचं, नोटीस दिल्यासारखं."

खांबाजवळची हूल. लयीत पडलेली साखळी. अहो, माझ्या आईला खो-खोचा खांब म्हणजे विजेचा खांब नव्हे, एवढंही सांगता आलं नसतं. एवढी वर्षं तेल लावून घेताना मला हे कधी सुचलं नाही, की ती हे शब्द आणते कुठून?

"आबा," मी म्हटलं, "फायनल हरलो त्या दिवशी आई म्हणाली होती, चुकलं खरं, पण…"

आबा परसाकडे बघत होते. "भित्र्याचं चुकणं नव्हतं," ते म्हणाले.

आत ह्यांनी कुकर लावल्याचा आवाज आला, म्हणजे वाद संपल्याचा अंदाज त्यांना आला होता. आबांनी काठी घेतली, उठायला लागले, पुन्हा बसले. माझ्याकडे न बघता, त्या जुन्या, जाड आवाजात म्हणाले, "नले, बोगद्याच्या वळणावर पाय उशिरा टाकलास."

"हो."

"पण बरी पळालीस आज. शाब्बास."

मला काय झालं कोण जाणे. नळ सोडून, दार लावून जो आवाज मला महिनाभर काढता आला नव्हता, तो आपसूक निघाला, बारीक, चिरका, परस दणाणून टाकणारा. "शाब्बास, आबा! शाब्बास हो माझे आबा!"

भिंगरीला वाटलं, हे आपल्यालाच. ती बूट टाकून उठली, जागच्या जागी दोनदा गरगर फिरली आणि डावा खांदा घालून घेवड्याच्या काठ्यांत शिरली.